घरात उदय आहे

समिधाने ब्रिस्बेनहून फोनवर बजावलं, "बाबा, टिंबर पेस्ट इन्स्पेक्शन झाल्याशिवाय तुम्ही त्या घराला हो म्हणायचं नाही," आणि यशवंत रणवरे "बरं" म्हणाले.

रणवऱ्यांनी आयुष्यभर दोन बायकांना "बरं" म्हटलं होतं. त्यातली एक, त्यांची बायको शालन, मागच्या वर्षी गेली. आता सगळी "बरं" एकट्या समिधाच्या वाट्याला येत होती आणि ती त्यांचा पुरेपूर वापर करत होती.

"तिकडे घर घेण्याआधी माणूस येतो," समिधा म्हणाली. "लाकडात कीड आहे का बघतो आणि लेखी देतो. घर पास झालं तर पोशीरला राहायचं. नापास झालं तर तुम्ही इकडे माझ्याकडे यायचं. ठरलं?"

"बरं," रणवरे म्हणाले, आणि फोन ठेवल्यावर आपण नक्की कशाला बरं म्हणालो ते त्यांच्या लक्षात आलं.

ब्रिस्बेनला ते एकदा जाऊन आले होते. शहर चांगलं होतं. रस्त्यात माणूस दिसत नव्हता एवढंच.

पोशीरच्या त्या कौलारू घराची गोष्ट अशी. रणवरे मोहोपाड्याच्या एका केमिकल कंपनीत मेंटेनन्सला होते. सगळी नोकरी पाइप, व्हॉल्व्ह आणि गळती यांच्यात गेली. शालन कंपनीच्या दवाखान्यात नर्स होती. एकदा आरोग्य शिबिरासाठी ती पोशीरला गेली आणि तिला आणायला हे स्कूटर घेऊन गेले. शालन एका घराच्या ओटीवर चहा पीत बसली होती. तिने लांबूनच हाक मारली, "अहो, इकडे या, हे बघा."

तिच्या मागे लाकडी खांब होता. बसलेल्या माणसाचं डोकं जिथे टेकतं, तिथे त्या खांबावर काळा, चकचकीत डाग पडला होता. पिढ्यान्‌पिढ्यांच्या तेलकट डोक्यांचा.

असा डाग रणवऱ्यांच्या संसारातला जुना विषय होता. ते रोज डोक्याला खोबरेल चोपडत आणि क्वार्टरमध्ये खुर्ची भिंतीला लावून पेपर वाचत. भिंतीवर त्यांच्या डोक्याएवढा गोल उमटे. शालन सोड्याने तो घासून काढी आणि म्हणे, "भिंत आपली नाही, कंपनीची आहे." पुढच्या आठवड्यात गोल परत हजर.

त्या दिवशी ती खांबाला टेकून म्हणाली, "इथं तुम्हाला कोणी काही बोलणार नाही." मग घरधनीण इंदूबाईंना म्हणाली, "हे घर कधी विकायला काढलंत तर आम्हाला कळवा हं." इंदूबाई हसल्या. शालनही हसली. विषय तिथेच संपला.

पण इंदूबाई विसरल्या नाहीत. मुलांनी शेजारी स्लॅबचं घर बांधलं, म्हातारा-म्हातारी तिकडे राहायला गेली, आणि त्यांनी आठवणीने निरोप धाडला, "सिस्टरना सांगा, घर काढलंय." निरोप आला तेव्हा सिस्टर नव्हती. रणवऱ्यांनी त्याच दिवशी ठरवलं, घ्यायचं तर हेच घर.

आता तपासणीचं बघायचं होतं. रणवऱ्यांचे शेजारी कुलथे यांना जगातलं सगळं ठाऊक असतं. सल्ला द्यायला ते गॅलरीत उभेच असतात, खाली कोणीतरी अडचणीत सापडायचाच अवकाश.

"टिंबर म्हणजे लाकूड," कुलथे म्हणाले. "लाकूड म्हणजे फॉरेस्ट. पेस्ट म्हणजे कीड. कीड म्हणजे शेतकी खातं. दोन्हीकडे जा. एकाने नाही दिलं तर दुसरा देईल."

रणवरे कर्जतला गेले. शेतकी कार्यालयातल्या बाईंनी अगत्याने विचारलं, "पीक कोणतं?"

"घर," रणवरे म्हणाले.

बाईंनी कागदावर तसं लिहायला घेतलं होतं. मग खोडून त्यांच्या हातात भाताच्या खोडकिडीचं पत्रक ठेवलं. रणवऱ्यांनी ते तिथेच उभं राहून वाचलं. एवढीशी अळी आख्खा दांडा आतून पोखरते आणि बाहेरून पत्ता लागू देत नाही, हे वाचून ते थक्क झाले. उपयोग मात्र शून्य.

वनखात्यात अगत्य नव्हतं. तिथल्या माणसाने "सागवान" एवढाच शब्द ऐकला आणि तो ताठ बसला. घर कोणाचं, गाव कोणतं, तुळया किती, सगळं विचारून घेतलं. रणवऱ्यांना वाटलं, चला, कामाला लागले. ते खुशीत घरी आले.

खरोखरच कामाला लागले होते. दोन-तीन दिवसांतच आबाजींचा फोन आला. आबाजी म्हणजे इंदूबाईंचे मालक.

"साहेब, मी काय चोर हाय?"

"काय झालं आबाजी?"

"काय झालं इचारता? फॉरेस्टवाला आला, तुळया मोजून गेला. माझ्या आज्यानं लावलेली झाडं, माझ्या बापानं तोडलेली, आनि मला इचारतो पास कुठंय! मी म्हनलं, बाप वर गेलाय, तितं जाऊन इचार. तुमीच धाडलात ना त्याला?"

रणवरे स्कूटर काढून तडक पोशीरला गेले. ओटीच्या खाली उभे राहून त्यांनी माफी मागितली. मुलीची अट सांगितली. "काही लपलेलं असलं तर आधी कळावं, एवढंच म्हणणं आहे तिचं."

"लपवतोय कोन?" आबाजी उसळले. "आमी लपवनारी मानसं नाय. तोंडावर सांगतो. घरात उदय हाय."

रणवरे जपून म्हणाले, "कधीपासून?"

"बापाच्या टायमापासून. आमी नव्या घरात गेलो, ते काय आलं नाय आमच्यासंगं. हितंच हाय."

"तुम्ही सांगून नाही बघितलं?"

"सांगून?" आबाजींनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. "अवो, औषध घालून बघितलं."

"औषध?"

"दोनदा. जरा गप पडलं, परत हाय ते हाय. आवाज नाय, काय नाय. आत बसून खातंय नुसतं."

"फार खातो का?"

"दिसायला नाय दिसत. पन एकदा ध्यान नाय दिलं तर आख्खा दरवाजा खाल्लान."

शेवटचं वाक्य रणवऱ्यांना जड गेलं, पण माणूस दारू पीत असेल आणि दरवाजा विकून खाल्ला असेल, असा त्यांनी अर्थ लावला. 'ते आलं नाय', 'गप पडलं' या बोलण्यावरून तो साधा, वेडसर असावा हेही त्यांनी ताडलं. आपल्या माणसाला लोक कीव येऊन असं 'ते' म्हणतात. पण औषध घालणं फार झालं.

खरं म्हणजे रणवरे फलटणकडचे. मोहोपाड्यात आयुष्य गेलं, पण कॉलनीत. तिथे मंगळुरूपासून मोतिहारीपर्यंतची माणसं होती. बाहेर गावात कशाला काय म्हणतात हे शालनला ठाऊक होतं. रोज बायाबापड्यांशी तीच बोलायची. यांचं बोलणं पंपांशी.

कुलथ्यांनी हे ऐकलं आणि गॅलरीतून खालीच उतरले. प्रकरण तसं गंभीर होतं.

"रणवरे, हा कब्जेदार आहे. उद्या घर तुमचं आणि ओटी उदयची. आधी उताऱ्यावर नाव आहे का बघा. नसेल तर त्याला गोडीत घ्या. काहीतरी भेट न्या. अशी माणसं प्रेमाची भुकेली असतात."

ग्रामपंचायतीत ग्रामसेवकाने घराचा उतारा दोनदा वाचला. "उदय नावाचं कोणी नाही यात. पूर्ण नाव काय?"

"तेवढंच माहीत आहे."

"वय?"

"आबाजींच्या वडिलांच्या वेळेपासून राहतोय म्हणतात."

ग्रामसेवक विचारात पडला. "मग मतदार यादीत असायला पाहिजे," तो म्हणाला, आणि ती यादीही त्याने पाहिली. उदय तिथेही नव्हता. ना यादीत, ना उताऱ्यात, आणि इतकी वर्षं एका घरात टिकून. रणवऱ्यांना भीती वाटत होती, पण मनात कुठेतरी त्या माणसाबद्दल आदरही उत्पन्न झाला.

त्यांनी एक चांगला निळा शर्टपीस घेतला.

तेवढ्यात समिधाने इंटरनेटवर शोधून शिळफाट्याचा एक नंबर धाडला. तिथे साईनाथ नावाचा गृहस्थ पेस्ट कंट्रोल करायचा. बोर्डावर झुरळ, ढेकूण आणि उंदीर यांची चित्रं होती आणि उंदीर हसत होता. "लाकूड? करू की," साईनाथ म्हणाला. "मारायचं काय ते सांगा."

"मारायचं नाही. बघायचं."

"नुसतं बघायचं?" साईनाथ नाराज झाला. तरी पाठीवर पंप अडकवून स्कूटरवर मागे बसला.

पोशीरला जाण्याआधी रणवरे घरी थांबून कपाटापाशी गेले. समिधा म्हणाली होती की तिकडचे तपासनीस लाकडाला यंत्र लावून ऐकतात. साईनाथकडे ऐकायचं काही नव्हतं. कपाटात शालनचा स्टेथोस्कोप होता, तिने ठेवला होता तसाच, गुंडाळून. ती गेल्यापासून त्यांनी त्याला हात लावला नव्हता. त्यांनी तो उचलला आणि शर्टपीसच्या पिशवीत ठेवला.

इंदूबाई ओटीवर सुपात तांदूळ निवडत होत्या.

"उदय आहे का घरात?" रणवऱ्यांनी शक्य तितक्या सहज विचारलं.

"हाय की. कुठं जातंय?"

"जरा बाहेर बोलवाल का?"

इंदूबाईंचा हात सुपात थांबला. "बोलवू?"

"भेट आणलीय त्यांच्यासाठी." रणवऱ्यांनी शर्टपीस काढून पुढे केला. "नवीन माणूस घरात येतोय म्हटल्यावर त्यांनाही वाईट वाटत असेल. म्हटलं, ओळख करून घ्यावी."

इंदूबाईंनी शर्टपीसकडे पाहिलं, रणवऱ्यांकडे पाहिलं, मग साईनाथकडे. साईनाथ खाली मान घालून म्हणाला, "काका, उदय नाही. उदई. उदई म्हणजे वाळवी."

तांदूळ सांडले. इंदूबाई हसायला लागल्या त्या थांबेनात. पदराने डोळे पुसत त्यांनी शेजारच्या घराकडे हाक मारली, "अवो, ऐकलं का! साहेबांनी उदईला शर्ट आनलाय!"

आबाजी धावत आले. त्यांच्यामागून वाटेवरची दोन-चार माणसं आली. कोणी काही सांगायची गरज नव्हती. निळा शर्टपीस हातात धरून उभे असलेले रणवरे पुरेसे होते.

"माप कुनाचं घेतलंत?" आबाजींनी गंभीर तोंडाने विचारलं.

"किती जनं हायत ठाव हाय का आत? एका शर्टात भागंल व्हय?" एक म्हातारी म्हणाली.

"आरं, राजाला शिवतील. बाकीचे उघडेच हायत."

रणवऱ्यांची अब्रू त्या ओटीवर पार धुऊन निघाली. पण एक विचित्र गोष्ट त्यांना जाणवली. शालन गेल्यापासून लोक त्यांच्याशी हळू आवाजात बोलत होते. आज पहिल्यांदा कोणीतरी त्यांना हसत होतं, आणि तेही इतक्या मोठ्याने.

"चला," ते म्हणाले, "मग उदयला तरी भेटू."

साईनाथने माळ्याची शिडी पाहिली आणि पंप खाली ठेवला. "वर मी चढत नाही काका. मला गरगरतं. मी झुरळांचा माणूस, जमिनीवरचा. तुम्ही वरून ओरडा, मी खालून लिहितो."

म्हणून रणवरे स्वतःच चढले. कमरेला स्क्रू-ड्रायव्हर, गळ्यात स्टेथोस्कोप.

छपरात एक काचेचं कौल होतं. त्यातून उन्हाचा पट्टा थेट मोठ्या तुळईवर पडला होता. तुळईला निळा ऑइलपेंट होता, सणासुदीला लावल्यासारखा चकचकीत. आणि भिंतीवरून, वाशांवरून, तुळईच्या पोटाखालून मातीच्या बारीक नळ्या गेल्या होत्या.

रणवरे जागच्या जागी बसले. सगळी नोकरी त्यांनी पाइपलाइन टाकल्या होत्या. समोर होती ती लाइन होती. भिंतीतून चढलेली मुख्य लाइन, तिला फुटलेल्या शाखा, खिळा आला तिथे घातलेला बायपास, कोपऱ्यावर काटकोनात वळलेला सुबक एल्बो. एक नळी मोडून त्यांनी आत पाहिलं. पांढरे ठिपके घाईने मागे पळाले, आणि बघता बघता दुसरे ठिपके तोंडात मातीचा कण घेऊन आले आणि भोक बुजवायला लागले. कोणी हुकूम देत नव्हतं. परमिट नव्हतं, शिफ्टचा भोंगा नव्हता. रणवऱ्यांच्या कंपनीत एक गळती बंद करायची तर तीन सह्या लागत.

"काका, काय दिसतंय?" खालून साईनाथ ओरडला.

"काम चालू आहे," रणवरे म्हणाले. त्यांचा आवाज देवळात गेल्यासारखा झाला होता.

त्यांनी तुळईला स्क्रू-ड्रायव्हर टेकवला, मूठ हलकेच दाबली. तो लोण्यात शिरावा तसा मुठीपर्यंत आत गेला. आत लाकूड नव्हतंच. रंग होता, रंगाच्या आत पापुद्रे होते, आणि त्यांच्यावर सगळं छप्पर शांतपणे बसलं होतं.

मग त्यांनी स्टेथोस्कोपच्या नळ्या कानात घातल्या. घालताना जरा थांबले. शेवटी हे टोक शालनच्या कानात होतं. त्यांनी चकती तुळईवर ठेवली.

आधी काहीच नाही. मग ऐकू आलं. फोडणीत मोहरी तडतडण्याआधी जशी बारीक सळसळ होते तशी. हजारो तोंडं. त्यांनी बोटाने तुळईवर ठक केलं. सळसळ थांबली, आणि आतून, ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत, खडखडखड असा आवाज धावत गेला. आतले सगळे आपापली डोकी लाकडावर आपटून एकमेकांना काहीतरी कळवत होते. मग पुन्हा सळसळ, मागच्या पानावरून पुढे.

रणवऱ्यांनी पुन्हा ठक केलं. पुन्हा उत्तर आलं. किती वेळ ते असं करत बसले कोण जाणे. शालन संध्याकाळी घरी आली की कधीकधी म्हणायची, "आज एका बाईच्या पोटातल्या बाळाचे ठोके ऐकले हो," आणि हे पेपरातून मान न उचलता "बरं" म्हणायचे. ती काय सांगत होती, ते आज त्यांना समजलं.

खाली उतरले तेव्हा डोक्यावर जाळी होती आणि चेहरा असा की कोणी चेष्टा केली नाही.

"तुळई गेली," ते म्हणाले. "वासे अर्धे गेले. लिही साईनाथ."

साईनाथकडे झुरळांच्या बिलाचं पुस्तक होतं. त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूवर त्याने लिहिलं. रणवरे ओटीवर बसले. घर नापास झालं होतं. त्यांच्या डोळ्यांसमोर ब्रिस्बेनचा तो स्वच्छ, रिकामा रस्ता आला.

पाठ टेकायला ते मागे सरले, आणि तिथे तो खांब होता.

टेकण्याआधी सवयीने त्यांनी खालून ठोकून पाहिलं. ढप. पोकळ. "हाही," ते म्हणाले आणि उठून वर ठोकलं. ढप. मग मधे, जिथे तो काळा डाग होता तिथे. टण्ण.

त्यांनी पुन्हा ठोकलं. टण्ण. स्क्रू-ड्रायव्हर लावून जोर केला, टोक आत जाईना. स्टेथोस्कोप लावला. सगळं गप्प. खाली सळसळ, वर सळसळ, आणि मधे हातभर लाकूड दगडासारखं उभं.

"आबाजी, हे काय आहे?"

आबाजींनी डागावरून तळवा फिरवला. "काय असनार? तेल. हितं टेकून आमची समदी पिढी बसली. माझ्या बापाचं खोबरेल हाय यात. आज्याचं करंजेल. आज्या करंजेलच लावायचा, वास मारायचा नुसता."

"म्हनून तर उदई शिवली नाय," इंदूबाई म्हणाल्या. "तुमच्या आज्याला मी बी शिवत नव्हते."

सगळे हसले. रणवरे हसले नाहीत. ते त्या डागाकडे बघत उभे होते. सागाची तुळई गेली, रंग उपयोगी पडला नाही, दोनदा घातलेलं औषध फुकट गेलं. आणि बसून राहिलेल्या माणसांच्या डोक्यांनी हातभर खांब वाचवला.

त्यांनी तिथूनच समिधाला फोन लावला आणि साईनाथचा रिपोर्ट जसाच्या तसा वाचून दाखवला. "तुळई खलास. वासे निम्मे. खांब वर पोकळ, खाली पोकळ, मधे भक्कम. झुरळ नाही."

"बाबा, म्हणजे नापास."

"हो."

"मग ठरल्याप्रमाणे..."

"ऐक," रणवरे म्हणाले. समिधाला मधेच थांबवायची त्यांची ही पहिलीच वेळ. त्यांनी तिला शिबिराचा दिवस सांगितला. चहा, ओटी, आई काय म्हणाली ते, आणि खांबात मधेच भक्कम काय आहे ते. सांगायला त्यांच्याकडे शब्द कमी होते, म्हणून लवकर संपलं.



"आई सोड्याने घासायची," समिधा म्हणाली. "तुमच्या खुर्चीमागे. मी शाळेतून आले की ती तिथेच असायची, ब्रश घेऊन." मग तिने विचारलं, "बाबा, तुम्ही आता तेल लावता का?"

"नाही गं. बंद झालं."

"कधीपासून?"

रणवऱ्यांनी कोरड्या केसांवरून हात फिरवला.

"लावत जा," समिधा म्हणाली. "आणि ती तुळई लोखंडाची घाला. वासे बदला. मी येऊन ठोकून बघणार आहे."

"बरं," रणवरे म्हणाले.

घराचं काम झालं. सुतार खांब फेकायला निघाला होता, रणवऱ्यांनी अडवला. वरचा आणि खालचा पोकळ भाग कापून तिथे त्यांनी लोखंडी पाइप बसवले आणि मधल्या लाकडाला दोन्हीकडून फ्लँजच्या लोखंडी चकत्या लावून नट-बोल्ट आवळले. आयुष्यात शिकलेली सगळी विद्या त्यात ओतली. आबाजी लांबून, जवळून, वाकून बघत राहिले.

"साहेब, ह्यो खांब हाय का बंब?"

गावात आता कोणी त्यांना रणवरे म्हणत नाही. "उदयसाहेब हायत का घरात?" असंच विचारत येतात, आणि इंदूबाई शेजारून ओरडतात, "हाय की, कुठं जातंय?"

तो निळा शर्टपीस मात्र वाया गेला नाही. रणवऱ्यांनी त्याचा स्वतःलाच शर्ट शिवला. राहायला आले त्या दिवशी त्यांनी तो घातला, कित्येक महिन्यांनी खोबरेलची बाटली उघडली, डोक्याला चांगलं चोपडलं आणि ओटीवर जाऊन बसले. मग हळूच मागे सरून त्या काळ्या डागाला डोकं टेकलं. लाकूड गार होतं.

थोड्या वेळाने तेल मानेवरून ओघळलं, नव्या शर्टाच्या कॉलरला लागलं, खांबालाही लागलं. रणवरे सवयीने दचकले आणि त्यांनी आत घराकडे पाहिलं.

कोणी काही बोललं नाही.